गप्प बसलेली पेशी

"माझी पेशी तुमच्याकडे आहे म्हणे!"

दारात विस्कटलेल्या केसांचा एक तरुण उभा होता. आवाज असा, की जणू मी त्याचं मांजरच पळवलं होतं. हा आमच्या प्रयोगशाळेच्या तळघरातला सूक्ष्मदर्शकवाला. वर्षभर खपून त्यानं उंदराच्या मेंदूतल्या एकाच पेशीची फांदी न् फांदी रेखाटली होती. ते रेखाटन सॉफ्टवेअरमध्ये घालून तिला खऱ्या पेशीसारखं वागायला लावणं हे माझं काम. आणि ती ढिम्म हलत नव्हती.

"आहे. पण बोलत नाही," मी म्हटलं.

"माझ्यावर गेलीय," तो म्हणाला आणि... हसला. झालं! माझं कामातलं लक्ष उडालं ते उडालंच.

मग तो रोज यायला लागला. मी पेशीला विजेचा छोटासा धक्का द्यायची, पडद्यावरची रेघ आळस दिल्यासारखी जरा फुगायची आणि पुन्हा आडवी.

"तू तिच्याशी प्रेमानं वागत नाहीस."

"मग तू वाग ना! तुझीच लाडकी!"

आमचं अहो-जाहो कधी सुटलं, कळलंही नाही.

एका दुपारी मात्र प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी सांगूनच टाकलं — संध्याकाळपर्यंत पेशी बोलली नाही, तर फांद्या छाटून तिचा नुसता मधला गोळा वापरायचा. त्याची वर्षभराची मेहनत पाण्यात जाणार होती, तीही माझ्या हातून. मला रडूच यायला लागलं.

"अगं, असू दे," म्हणत त्यानं माझ्या हातावर हात ठेवला.

"ई! केवढा गार!"

"तळघरात एसी असतो... सॉरी—" तो हात काढायला लागला. मी घट्ट धरून ठेवला.

"थांब! गार... अरे देवा, तापमान!"

आपण तापमान सांगितलं नाही, तर हे सॉफ्टवेअर सहा अंशांच्या आसपास धरून चालतं. त्यातली जुनी समीकरणं थंड समुद्रातल्या प्राण्यावरून आलेली. म्हणजे इतके दिवस मी बिचारीला फ्रिजमध्ये ठेवलं होतं! एका हातानं — दुसरा सोडवत नव्हता — मी सदतीस टाइप केलं.

रेघ ताडकन उभी राहिली. पुन्हा. पुन्हा! शेजारच्या चित्रात लाल रंग बुंध्यापासून फांद्यांत धावला, त्यानं हातानं काढलेल्या एकेका वळणातून, पार टोकाच्या डहाळीपर्यंत. आम्ही श्वास घ्यायचं विसरलो. डोळ्यांना दिसणारही नाही एवढीशी ती, आणि तिच्यात केवढं हे चाललेलं!

"हे... माझ्याही डोक्यात चालू आहे?" त्यानं हळूच विचारलं.

"तुझं खात्रीनं सांगता येत नाही," मी म्हटलं.

"ती मागे वळणारी फांदी बघ. मला वाटायचं, जगात फक्त मलाच ती माहीत आहे."

"मला पाठ आहे ती. सगळ्याच पाठ आहेत. आणि... मला तू आवडतोस. खूप."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मघाशी पडद्याकडे बघत होता ना, अगदी तसाच.

"आधी मॅडमना फोन कर," तो म्हणाला.

"आत्ता?"

"आत्ताच. नंतर... आपल्याला आठवेल असं वाटत नाही."