बाबांच्या मापाची सीट

तुम्हांला हे खरं वाटणार नाही, आधीच सांगून ठेवतो. मी सांगितलेलं आजवर कुणालाच खरं वाटलेलं नाही, आणि त्याचा मला यथास्थित अभिमान आहे. पण पोरांनो, माझं आणि तुमच्या आजीचं लग्न जमलं ते एका ब्रेकमुळे. तेही लागलेल्या नाही — न लागलेल्या ब्रेकमुळे! हसू नका. ती बघा, खिडकीशी बसून शब्दकोडं सोडवतेय असं दाखवतेय. कान इकडेच आहेत.

तेव्हा मी काचवाला होतो. आरसे, खिडक्या, दुकानांची दारं. काच अशी पुसायचो की गिऱ्हाईक आरशात स्वतःलाच परकं समजून नमस्कार करायचं. धंदा दोघांचा, माझा आणि थोरल्या भावाचा. दादा व्हॅन चालवायचा, मी मागे काच धरून बसायचो. मग दादा आजारी पडला आणि गेला. व्हॅन दुकानापुढे उभीच राहिली. आणि माझा हात थरथरायला लागला... काच कापायची रेघ ओढायला घेतली की वाकडी. डॉक्टर म्हणाले, "हाताला काही झालेलं नाही. आत काहीतरी कोंडलंय. समुपदेशकांकडे जा, बोला."

मला वाटलं, आता आपल्याला वेड्यात काढणार. कोचावर झोपवतील, डोळ्यांसमोर लोलक फिरवतील. गेलो तर साधी खोली. दोन खुर्च्या, किंचित तिरप्या ठेवलेल्या, म्हणजे वाटलं तर समुपदेशक बाईंकडे बघावं, नाहीतर खुशाल खिडकीबाहेर. पाण्याचा तांब्या. रुमालांचा खोका. बाई म्हणाल्या, "इथलं बोलणं इथेच राहील. फक्त जिवाला धोका आहे असं वाटलं, तरच मी मदत बोलावेन. नको वाटेल तिथे थांबा. आणि माझ्याशी सूर जुळला नाही तर तसं सांगा, दुसऱ्या कुणाचं नाव देईन." मी पहिला सबंध तास त्यांना काचेचे प्रकार समजावून सांगितले. त्यांनी ऐकले! निघताना मात्र त्यांनी विचारलं, "दादा गाणी म्हणायचे का हो गाडी चालवताना?"

झालं. जिना उतरलो तेव्हा समोरचं काही दिसत नव्हतं. दाराशी टॅक्सी उभी होती. मागचं दार उघडून बसलो आणि म्हणालो, "घरी चला."

"कुणाच्या?"

बाईमाणसाचा आवाज. समोरच्या छोट्या आरशात दोन डोळे — असे टपोरे, की तो आरसा मोठा करून मागावा! (अतिशयोक्ती नाही. मी आरशांतला जाणकार आहे.)

"ही टॅक्सी नाही," ती म्हणाली. "ड्रायव्हिंग स्कूल आहे. टपावर हातभर पाटी आहे. दिसली नाही?"

"दिसली असती, पण... डोळ्यांत जरा पाणी होतं."

तिने मी आलो त्या दाराकडे पाहिलं. आवाज एकदम उतरला. "वरून आलात?"

"वरूनच. रडून आलो. आणि पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे."

"हळू बोला. लोक ऐकतील."

"ऐकू देत की. चोरी करून नाही आलो."

ती हसली. म्हणजे ओठ नाही हलले, डोळेच हसले. मी म्हटलं, "मग शिकवा गाडी. माझी व्हॅन उभी आहे, आणि ती चालवणारा नाही."

तर अशी माझी शिकवणी सुरू झाली. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणायचे. स्कूल तिच्या वडिलांचं. वर्षभरापूर्वी ते गेले आणि दुसऱ्याच सकाळी तिने शटर उघडलं. एक दिवस बंद नाही, एक टिपूस नाही. अख्खा रस्ता तिचं कौतुक करायचा, आणि तीही मान ताठ ठेवून ते घ्यायची.

मी क्लच सोडला की गाडी अशी उडी मारायची की फुटपाथवरची माणसं आपोआप रांगेत उभी राहायची. ती शेजारच्या सीटवर, तिच्या पायाशी शिकवणाऱ्याचा जादा ब्रेक. पाठीशी एक जाडजूड उशी.

"काचवाले, आरशात काय बघताय?"

"मागची वाहतूक."

"मागची वाहतूक माझ्या चेहऱ्यावर नाहीये."

"मग वाहतूक खोळंबली कशाने, ते बघतोय."

"रस्त्याकडे बघा... मेलं, लक्ष एक नाही!" पण कानाच्या पाळ्या लाल.

आठवड्यातून एकदा आमचा रस्ता बाईंच्या दाराशी जायचा. ती म्हणायची, "मागच्या गल्लीत लावा, कुणी बघणार नाही." मी बरोबर दारासमोर लावायचो, भोंगा वाजवून. ती गाडीतच थांबायची आणि मी परतलो की हळूच विचारायची. आधी वेळ जावा म्हणून, मग... मग नीटच.

"रडायला लावतात का हो?"

"छे. आज तर हसलो. दादाच्या घोरण्यावर अर्धा तास."

"मग विसरायला सांगतात?"

"तेही नाही. मी विचारलं, हे संपणार कधी? तर त्या म्हणाल्या, तारीख नाही देता येणार. कधी बरं वाटेल, कधी परत येईल, उलटसुलट. पहिले काही दिवस इथून जड होऊन जाल, तेव्हा वेळेवर जेवा आणि झोपा. मग मलाच विचारलं, मोठी काच कशी उचलता? म्हटलं, उभी. आडवी धरली तर आपल्याच वजनाने तडकते. आणि एकट्याने उचलत नाही."

ती बोटाने उशीची शिवण उसवत बसली.

आणि मग तो दिवस. उतारावर पुढचा ट्रक अचानक थांबला आणि मी गडबडलो. म्हटलं, ती ब्रेक मारेल. तिने मारलाही... पण पाय हवेतच! उशी सरकली होती, बोटं पेडलच्या अलीकडेच लटकत होती. गाडी तशीच पुढे. मग मी माझा ब्रेक असा दाबला की पत्रा फुटून पाय डांबरात रुतला. (बरं, रुतला नाही. पण दाबला.) ट्रक आणि आमच्यामध्ये एक बोट राहिलं.

मी तिच्या पायांकडे पाहिलं. शेवटी मी म्हणालो, "तुमचा पाय पोचत नाही."

"पोचतो."

"सीट पुढे घ्या की."

"नाही घेणार." आवाज काचेसारखा. "ही सीट बाबांनी लावलेली आहे. त्यांचे पाय लांब होते. त्यांच्यानंतर कुणी हलवलेली नाही. हलवली की... ते गेले, काचवाले. मग ते खरंच गेले."

मी गाडी कडेला घेतली. पहिल्यांदाच तिने न सांगता.

"आज मी होतो," मी म्हणालो. "उद्या दुसरं कुणी शिकाऊ असेल. आणि तुम्ही असाल. मला तुम्ही अख्ख्या हव्या आहात." हे तोंडातून निसटलं, पण मी परत घेतलं नाही.

तिने नजर पुढच्या काचेवर नेली. मग अगदी बारीक आवाजात, "त्या बाई... मी तिथे गेले आणि गप्प बसले तर चालतं?"

"चालतं. मी काचेचे प्रकार सांगत होतो."

"मी रडणार नाही."

"बंधन नाही."

त्याच दुपारी तिने शिकवण्या थांबवल्या. पाटी उतरवली, कुणी विचारलं तर सरळ सांगितलं, "माझा ब्रेक नीट लागत नाहीये, आधी तो बघते." आणि मास्तरीणबाई समुपदेशक बाईंकडे समोरच्या दाराने आत गेली. मी खाली थांबलो. एवढा ताठ मी बक्षीस घेतानाही उभा राहिलो नसतो!

आठवडे गेले. कधी ती चिडून यायची, कधी नुसती थकून. एकदा म्हणाली, "आज मी त्यांना काहीच सांगितलं नाही. त्यांनी नुसतं पाणी दिलं." एकदा उतरली ती डोळे सुजवून, आणि रुमालांचा खोकाच काखेत! बाईंनी नेऊ दिला होता. "हसलात तर बघा," म्हणाली. बाईंनी तिला सीट हलव असं एकदाही सांगितलं नाही. फक्त विचारलं, बाबा शिकवायचे कसे? आणि बोलता बोलता तिचं तिलाच आठवलं : कुणीही नवा शिकाऊ आला की बाबा आधी त्याची सीट त्याच्या मापाची करायचे. किल्ली नंतर. दुसऱ्याच्या मापात बसून गाडी चालत नाही म्हणायचे.

त्याच संध्याकाळी आम्ही गाडीशी गेलो. तिने उशी मागे टाकली. खाली वाकली, एका बोटाने सीटखालचा दांडा उचलला आणि — सर्रकन! सीट लोण्यातून सुरी जावी तशी पुढे. पाय बरोबर ब्रेकवर. डोळे कोरडे, मान ताठ. माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "पोचला पाय. आता बोला, लग्न कधी करायचं?" अशी वाघीण पोरांनो, अशी तुमची आजी! एकटीने, एका बोटाने —

"अहो, पुरे! धडधडीत खोटं!" खिडकीशी पेन आपटलं. "एका बोटाने म्हणे! गंजली होती ती सीट, हलेचना. मी पुढून ओढत होते आणि हे मागून ढकलत होते. आणि दोघंही हमसून हमसून रडत होतो."