गालावरचं बोट

राखणपेशी टोचून घेतलेला माणूस हॉटेलात लगेच ओळखू यायचा. चहाचा कप तो बघून धरायचा. नजर हटली की कप सुटलाच. हेमलता सिस्टरनं मात्र चार वर्षांत एकही कप फोडला नव्हता आणि त्याचा तिला अंमळ अभिमानही होता.

एकोणतिसाव्या वर्षी तिच्या मानेवर लालसर, न दुखणारी गाठ आली. नर्स असूनही महिनाभर तिनं ती अंगावर काढली. निदान निघालं मर्केल पेशींचा कर्करोग. हलका स्पर्श ओळखणाऱ्या कातडीतल्या या पेशी. त्याच बिघडल्यात, असं डॉ. केंजळे मॅडमनी समजावलं. लाखात एखाद्याला होतं, आणि तेही म्हातारपणी. उपाय एकच होता. रक्तातल्या प्रतिकारपेशी काढायच्या, त्यांना मर्केल पेशी मारायला शिकवायचं आणि परत अंगात सोडायचं. या राखणपेशी चांगलं-वाईट बघत नसत. अंगातल्या झाडून सगळ्या मर्केल पेशी फस्त करून त्या जन्मभर पहारा देत.

"दुखलेलं, ऊब, गारठा, सगळं कळेल," मॅडम म्हणाल्या होत्या. "हलका स्पर्श तेवढा जाईल."

"आणि मूल?"

"दोन वर्षं थांबा. मग खुशाल होऊ द्या."

प्रसूती वॉर्डात हेमलताच्या बोटाची ख्याती होती. नवजात बाळ दूध ओढेना झालं की ती त्याच्या गालावरून बोट फिरवायची. बाळ त्या बाजूला वळून आ करायचं. उपचारानंतर बोटाला काही कळेनासं झालं, तरी बाळाला कळत होतं. तेवढं तिला पुरे होतं.

आज तिची स्वतःची मुलगी मांडीवर होती. तिनं उजव्या गालावरून बोट फिरवलं. मग डाव्या. मुलगी छताकडेच बघत राहिली. हेमलतानं केंजळे मॅडमना बोलावून घेतलं.

मॅडमनी बाळाला तपासलं आणि त्या खुर्चीत बसल्या. आजार म्हाताऱ्यांचा, म्हणून राखणपेशींच्या सगळ्या चाचण्या साठीपुढच्यांवर झाल्या होत्या. त्या आईच्या वारेतून पोटातल्या बाळात उतरतात का, हे बघायचं कुणाला सुचलंच नव्हतं. त्या उतरल्या होत्या आणि बाळाच्या मर्केल पेशी त्यांनी फस्त केल्या होत्या.

"हिला नवीन पेशी येतील ना, मॅडम?"

"येतील. आल्या की मारल्या जातील."

"मग मी जवळ घेतलेलं हिला कळायचं कसं?"

"ऊब कळेल, सिस्टर."

"आणि दुखलेलं," हेमलता म्हणाली.

बाळ दूध ओढेना झालं की वॉर्डात एक शेवटचा उपाय असायचा. तिनं मुलीचं पाऊल बघून नीट धरलं आणि तळव्यावर जोरात टिचकी मारली. मुलगी कळवळून रडली. उघडलेल्या तोंडात तिनं घाईनं स्तन दिला.

आईचा तिला कळलेला पहिला स्पर्श तो. तीन तासांनी पुन्हा दूध द्यायचं होतं.