उताऱ्याचा माणूस

सोनखारच्या दवाखान्यात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शौर्य घरतला ताप दिला जाई. येत नसे, दिला जाई. तीन दिवस तो तळमळे, चौथ्या दिवशी त्याचं रक्त काढत, आणि त्या रक्ताच्या जोरावर खाडीपट्ट्यातली सात गावं पुढचा महिना जगत. अकरा वर्षं हे असं चाललं. बाराव्या वर्षी मार्चमध्ये, तिसऱ्या दिवशी दुपारी, ताप उतरण्याआधीच शौर्यचं हृदय थांबलं.

समुद्र वर चढला, बांध फुटले आणि भाताच्या खाचरांत खाऱ्या पाण्यात वाढणारी तिवरांची झाडी माजली, त्याला आता पंधरा वर्षं झाली होती. तिवरांतल्या चिलटांबरोबर रोग आला, म्हणून त्याचं नाव तिवरताप. त्याचा जंतू मोठा लबाड. शरीराचे पहारेकरी जंतूला त्याच्या अंगरख्यावरून ओळखतात, आणि हा दर महिन्याला अंगरखाच बदलतो. नवी लस तयार व्हायला चार महिने लागत. तोवर जंतू चार वेळा वेश पालटून मोकळा. पण हजारोंत एखादं शरीर असं असतं, की नवा अंगरखा दिसला की तीन दिवसांत त्याच्यावर नेमका उतारा तयार करतं. उतारा म्हणजे जंतूला पकडून निकामी करणारं प्रथिन. ते बनवणाऱ्या पेशी रक्तातून वेगळ्या काढून टाक्यांत वाढवल्या, की आठवड्याभरात सोळा हजार माणसांना पुरेल एवढा उतारा मिळे. फक्त आधी त्या एका माणसाला खराखुरा ताप यावा लागे. सरकारी कागदांवर अशा माणसाला ‘ओळखधारक’ म्हणत. गावात म्हणत, उताऱ्याचा माणूस.

शौर्यला जाऊन आठ दिवस झाले होते. त्याची बहीण किमया अंगणात त्याच्या चादरी वाळत घालत होती. वय चाळीस. खाडीच्या दोन काठांमधली प्रवासी होडी ती चालवी. आईवडील पहिल्याच साथीत गेलेले. तेव्हापासून दोघं भावंडंच एकमेकांना होती. आठ दिवसांत ती रडली नव्हती. नुसती थकली होती. आतल्या खोलीत तिची बॅग भरून ठेवलेली होती; नाशिकला मैत्रिणीकडे जायचं, एवढंच ठरलं होतं.

दवाखान्याचे डॉक्टर नौशाद दळवी आले आणि न विचारता ओट्यावर बसले.

“शिरवली गावात नवा अंगरखा सापडलाय,” ते म्हणाले. “दोन मुलं भरती आहेत. टाकीतला उतारा त्याच्यावर चालत नाही.”

“माझं रक्त तपासायचंय ना? सरळ बोला.”

“तपासलंय. गेल्या वर्षी तू तपासणीला आलीस, तेव्हाच.”

“मला न विचारता?”

“हो. चुकलंच माझं.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “तुझ्यातही आहे, किमया.”

किमयानं ओली चादर बादलीत टाकली. “दादाला तुम्ही म्हणाला होतात, पाच वर्षांत दुसरा माणूस शोधू.”

“शोधायला माणसं आणि यंत्रं मागितली, की वरून विचारत, काम अडलंय कुठं? शौर्य होता. अडलं नव्हतं.”

“नाही म्हटलं तर?”

“जबरदस्ती करता येत नाही. कायदा तुझ्या बाजूनं आहे. गावं उठवावी लागतील. त्याला दोन महिने लागतील, आणि तोवर…”

त्याच दिवशी दुपारी शाळेत सातही गावांची माणसं जमली. सरपंच रोशन पाटील सत्तरीचे. शौर्यचा पुतळा कुठं बसवायचा, यावर ते बोलू लागले. किमया मागून उठली.

“पुतळा नको, काका. मी ताप घेते. पण दोन गोष्टी. सात गावांतल्या प्रत्येकाचं रक्त तपासायचं, त्याला आधी विचारून. आणि मी तापात असेन तेव्हा प्रत्येक घरानं पाळीपाळीनं माझ्याजवळ बसायचं. अकरा वर्षं तुम्ही मासळी पाठवलीत, नारळ पाठवलेत. आत कोणी आलं नाही. दादा कसा ओरडतो, ते कोणाला ऐकायचं नव्हतं.”

 पाटील मान खाली घालून म्हणाले, “बसू, बाय.”

शिरवलीची तन्वी म्हात्रे पहिली आली. भरती झालेल्या मुलांपैकी एक तिचा भाचा. घरी ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून दोन वर्षांची ओवी कडेवर होती.

जंतूची सुई टोचल्यावर दुसऱ्या दुपारी ताप चढला. हाडांतून कोणीतरी तार ओढतंय असं किमयाला वाटलं. तन्वीनं गार पाण्याची पट्टी तिच्या कपाळावर ठेवली आणि किमया किंचाळली. त्या गारव्यानं कातडी सोलून निघत होती.

“काढ! काढ ती!”

अकरा वर्षं ती दादाच्या कपाळावर अशाच पट्ट्या ठेवत आली होती. तो दात आवळून म्हणे, “बरं वाटतंय गं.” खोटं बोलत होता. तिला काहीतरी केल्याचं समाधान मिळावं म्हणून. आता किमया रडली, हुंदके देऊन, श्वास पुरेना इतकी. तन्वी घाबरून तिचे हात धरून बसली.

बाराव्या दिवशी उतारा शिरवलीला पोचला. एक मूल वाचलं. तन्वीचा भाचा गेला. तरीही पुढच्या महिन्यात ती पुन्हा आली, आणि त्याच्या पुढच्याही.

चार महिन्यांनी तपासणी पुरी झाली. डॉक्टर होडीवरच आले.

“सोळा हजारांत एक सापडली,” ते म्हणाले. “तन्वीची ओवी.”

किमयानं इंजिन बंद केलं. होडी पाण्यावर नुसती हलत राहिली.

“अठरा वर्षांची झाल्याशिवाय तिला विचारता येणार नाही,” डॉक्टर म्हणाले. “म्हणजे सोळा वर्षं. तुझं हृदय… मी खोटं बोलणार नाही. शौर्यचं अकरा टिकलं.”

“गावाला सांगू नका. दुसऱ्या जिल्ह्यांत शोध चालू ठेवा. तन्वीला मी सांगते.”

“नक्की?”

“आईला आधी कळायला हवं. मला कोणी विचारलं नव्हतं.”

पुढच्या सोमवारी तन्वी आली. ओवी खाटेजवळ बसून वाटीत चमचा आपटत होती. सुई टोचायला अजून अर्धा तास होता. सांगायचं ते किमयानं मनात चार वेळा जुळवलं होतं.

“ताई, जपा हं स्वतःला,” तन्वी म्हणाली. “तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत.”

किमयानं ओवीकडे पाहिलं. तिचे दंड काड्यांसारखे बारीक होते. नाक वाहत होतं.

“ही नीट जेवते ना गं?” किमयानं विचारलं. “दूध पिते? हिला एवढी सर्दी होऊ देऊ नकोस.”

तन्वीचा चेहरा उजळला. “किती काळजी करता हो हिची!”

किमयानं ओवीला उचलून मांडीवर घेतलं आणि छातीशी कान लावला. लहानसं हृदय भराभर, दणकट वाजत होतं. तन्वी कौतुकानं बघत होती, आणि किमया ते ठोके ऐकत राहिली.