सहा पत्र्यांची आगटी

त्यानं मला मारलेली पहिली हाक होती, "ओ भाऊ."

त्याची चूक फारशी नव्हती म्हणा. तोंडावर वेल्डिंगचं हेल्मेट, अंगात बाबांचा जुना खाकी शर्ट, हातात कोपरापर्यंत चामडी मोजे... त्या अवतारात मला आईसुद्धा लांबून ओळखत नाही. बिरवाडीच्या पुढे, शिवथरकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं घर आहे आणि घरामागच्या रिकाम्या गोठ्यात आमचं वर्कशॉप. त्याच्या मोटारसायकलचं साइड स्टँड वाटेत तुटलं होतं. कुणीतरी त्याला सयाजी मिस्त्रींचं, म्हणजे माझ्या बाबांचं, नाव सांगितलं होतं.

मी हेल्मेट वर केलं आणि म्हटलं, "बाबा बाजारात गेलेत. भाऊ मला नाही. बहीण चालत असेल तर गाडी आत घ्या."

"बहीण?" तो केवढा दचकला. "नको... म्हणजे... बहीण कशाला? वेल्डर चालेल."

मी घाईघाईनं हेल्मेट खाली ओढलं. हसू लपवायला त्याच्यासारखी दुसरी वस्तू नाही. ठिणगीकडे बघू नका, डोळे चुरचुरतील, असं त्याला बजावलं. मग कुठं बघू, म्हणाला. भिंतीकडे, म्हटलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा हजर झाला तेव्हा दोन्ही डोळे लालभडक होते, म्हणजे भिंतीकडे किती बघितलं होतं ते कळलंच.

त्याचं नाव यशराज. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिफ्टला जायचा. शिवथरला काकांच्या जमिनीवर त्यानं पर्यटकांसाठी चार तंबू उभारले होते आणि मधोमध त्याला 'फायर पिट' हवं होतं. मोबाइलवर फोटो दाखवला. बाबा हसले आणि म्हणाले, "आरं, आगटी म्हण की. थंडीत अंगणात शेकायला आपण काय वेगळं करतो?"

खरं सांगते, त्या फोटोपेक्षा मला त्या कामाचाच मोह पडला. गेल्या वर्षीपासून बाबांचे हात थरथरतात, रॉड धरवत नाही. आयटीआय करून आल्यापासून इथलं प्रत्येक काम माझ्या हातचं, पण नाव मात्र सयाजी मिस्त्रींचंच. बाबांना आता जमत नाही हे ज्या दिवशी गावाला कळेल, त्या दिवशी कामं यायची बंद होतील. त्याआधी लोकांना माझं नाव कळायला हवं होतं. आणि शिवथरला येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी ती आगटी होती.

यशराजनं पहिल्यांदा आणला तो चकचकीत जस्ताचा पत्रा. मी तो आल्या पावली परत पाठवला. जस्त तापलं की त्याचा धूर छातीत जातो आणि माणसाला ताप भरतो, तुम्हाला पाहुणे हवेत की पेशंट, असं विचारलं. बिचारा जस्त नसलेला काळा जाड पत्रा घेऊन आला. मी त्याचे सहा तुकडे कापले, वर रुंद, खाली निमुळते. शिफ्ट सुटली की चारच्या सुमाराला तो यायचा आणि तुकडे तिरके धरून उभा राहायचा. मी सांध्यावर वेल्डिंगचे छोटे टाके मारत जायची. तोपर्यंत त्याला जास्तीचं हेल्मेट मिळालं होतं, त्यामुळे आता तो मनसोक्त बघायचा.

तिथंच घोटाळा झाला.

वेल्डिंग थोडं इथं, थोडं समोरच्या बाजूला, मध्ये थंड होऊ देत, असं करायचं असतं. हे मला झोपेतही सांगता येईल. पण तो बघत होता ना... माझ्या अंगात आलं आणि मी वरपासून खालपर्यंत एक अख्खा सांधा न थांबता ओढला. दिसायला असा देखणा की बास. थंड होता होता त्या सांध्यानं पत्रा ओढून वाकवला आणि आगटी जमिनीवर ठेवली तर डुगडुगायला लागली.

"खाली दगड लावू," यशराज म्हणाला. "कुणाला दिसतंय?"

"मला दिसेल."

ग्राइंडर लावून मी तो सांधा उघडला. सगळी संध्याकाळ त्यात गेली. तो खाली सांडलेला लोखंडाचा भुगा झाडत होता.

"तुमच्यामुळं झालं हे," मी म्हटलं.

"मी काय केलं?"

"बघत होतात."

त्यानं झाडू बाजूला ठेवला. "मग... भिंतीकडे बघू?"

"नको," मी म्हटलं. "बघा."

पुढचे चार दिवस आम्ही फार कमी बोललो आणि माझे सगळे सांधे सरळ आले.

आगटी न्यायला जीप घेऊन त्याचे गोमाजीकाका आले. भोवती एक फेरी मारली, बोट फिरवून सांधे पाहिले आणि बाबांच्या पाठीवर थाप मारली. "सयाजी, हात अजून तसाच हाय तुझा. यशा म्हणालाच, तू स्वतः करतोयस."

मी यशराजकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता.

मला बाजूला घेऊन त्यानं सांगितलं, मुलीच्या हातची वस्तू काकांनी जागेवर ठेवूच दिली नसती, म्हणून खोटं बोललो, काम झाल्यावर सांगणार होतो. मी भांडले नाही. आगटी जीपमध्ये चढवायला हातसुद्धा लावला. मग म्हटलं, "काम झालंय आता. पत्रा वाकला तर मी कापून पुन्हा जोडते. हे कसं जोडायचं ते तुम्ही बघा."

घरात जाऊन मात्र रडले. त्याच्यावरचा राग आणि त्याची ओढ, दोन्ही एकदमच होतं, हे जास्त त्रासदायक होतं.

शनिवारी तंबूंचं उद्घाटन होतं. मी जाणार नव्हते. पण बाबा इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे राहिले, मग जावंच लागलं. ऊन डोंगरामागे गेलं होतं आणि गारठा पडायला लागला होता. वाडीतल्या बाया, मुंबईहून आलेले पाहुणे, सगळे आगटीभोवती जमले. लाकडं पेटली. सहाही बाजूंनी जाळ सारखा उठला आणि आगटी तसूभरही हलली नाही. माझा ऊर भरून आला, पण ही माझ्या हातची आहे हे त्या गर्दीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याची काकी बनुबाई हात शेकत सहज म्हणाली, "यशा, केली कुणी रं ही? नाव घे की."

तिला फक्त नाव हवं होतं. पण आमच्याकडे चार बायांसमोर 'नाव घे' म्हटल्यावर ते कसं घेतात, हे कुणाला सांगायला नको. यशराज पुढे झाला. कानाच्या पाळ्या लाल, आवाज मात्र खणखणीत.

"पत्र्याला पत्रा जोडला, हलेना कुठे सांधा,
आगटी जिनं घडवली, तिचं नाव निशिगंधा."

बायांमध्ये जो हशा उसळला तो थांबेना. गोमाजीकाका बाबांकडे वळले. "सयाजी... पोरीनं केली?"

"सगळी," बाबा म्हणाले. त्यांचे हात थरथरत होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "मी निस्ता चहा केला."

काकांनी आगटीभोवती पुन्हा एक फेरी मारली. मग वाडीच्या देवळाचं गेट मोडलंय, ते बघायला कधी येशील, असं त्यांनी विचारलं. बाबांना नाही, मला.

यशराज माझ्याजवळ आला. मी हळूच विचारलं, "तोंडातून निसटलं ना ते?"

"नाय. चार दिवस शिफ्टमध्ये पाठ करतोय. खोटं घरात बोललो होतो, खरं सगळ्यांसमोर बोलायचं होतं. तुम्हाला राग आला असेल तर दुसरी ओळ..."

"बदलू नकोस," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला 'तू' म्हटलं.

पण बाया कुठल्या सोडतात. "आता तू घे गो," बनुबाईनं मला पुढे ढकललं.

माझ्याकडे उखाणा नव्हता. यमक जुळवायला मी आयटीआयला गेले नव्हते. मी पदर नसलेली, हाताला ठिणग्यांचे डाग पडलेली मुलगी सरळ उभी राहिले आणि मागच्या तंबूपर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलले.

"मी निशिगंधा सयाजी उतेकर. वेल्डर. ही आगटी माझी आहे." मग त्याच्याकडे बोट केलं. "आणि हा यशराज... हा पण माझाच."