बत्तीस नकाशे

सकाळी आठला केर्तूबाईंनी चित्रशाळेतला लांब खण ओढला. रिकामा. घराचे बत्तीस नकाशे, प्रत्येकाला टांगायची पितळी कडी, सगळे गायब.

फोन होताच फौजदार ओनी तळ्याकाठच्या त्या सपाट छपराच्या घरी सायकलवरून पोचला. दहाला हेलसिंकीहून समिती येणार होती. घर वारसा म्हणून जपायचं ठरलं होतं. पण पाटीवर नाव एकट्या तोर्स्तीचं, बाईंच्या दिवंगत नवऱ्याचं लागणार होतं. घर आपण आखलं, हे बाई नकाशांवरून दाखवणार होत्या. आदल्या संध्याकाळी त्यांनी ते घरी मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांना, तोर्स्तीचं चरित्र लिहिणाऱ्या प्राध्यापक लिंडना, दाखवलेही होते.

अंगणातल्या सौनाचं, तापल्या दगडांवर पाणी ओतून वाफ घ्यायच्या खोलीचं, धुराडं धुमसत होतं. ओनी आत डोकावला. बादली पालथी, कोरडी. वाफेत अंगावर मारायची बर्चच्या डहाळ्यांची जुडीही कोरडी.

"सकाळी कुठं होतात?" त्यानं लिंडना विचारलं.

"सौनात. तासभर."

"आणि नकाशे?"

"कसले नकाशे? बाईंचं वय झालंय."

समिती आल्यावर ओनीनं सगळ्यांना सौनात नेलं.

"तासभर वाफ घेतली म्हणतात, आणि दगडांवर थेंबभर पाणी नाही," तो म्हणाला. "मग शेगडी पेटवली कशाला?"

त्यानं राख बाहेर ओढली. पितळी कड्या निघाल्या. मोजून बत्तीस.

लिंड बाकावर टेकले. मग म्हणाले, "पुस्तक छापून झालंय माझं. त्यात तोर्स्ती एकटाच आहे."

समितीचे अध्यक्ष हळहळले. पण पुरावा तर जळाला, असं त्यांचं म्हणणं पडलं.

"कागद जळालेत," केर्तूबाई म्हणाल्या. "घर उभं आहे. चला."

चित्रशाळेत त्यांनी डाव्या हातात खडू घेतला आणि फरशीवर सबंध घर आखलं, मापांसकट. कुणीतरी मापाची टेप लावली. बोटभरही फरक निघाला नाही.

"मापं पाठही होतात," लिंड पुटपुटले.

"होतात ना. मग तुम्ही सांगा, भिंतीत बसवलेल्या या चित्रफळीच्या उजवीकडे मोठी खिडकी का?"

बाई स्वतःच खिडकीपाशी गेल्या.

"उजव्या हातानं रंगवणाऱ्याला उजेड डावीकडून लागतो, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली चित्रावर पडते. तोर्स्ती उजव्या हातानं रंगवायचा. तो या खोलीला आयुष्यभर शिव्या देत होता. मी डावखुरी. खोली माझी, आखणीही माझी."

अध्यक्षांनी हळूच विचारलं, दोन्ही नावं घालू या का?

"घाला," बाई म्हणाल्या. "आधी माझं."