लाल गाडीचं इंजिन

चढावर गाडी खोकली आणि बंद पडली, तेव्हा मागच्या टेम्पोतून तो उतरला. तिच्या बाबांची दोन सीटची जुनी लाल स्पोर्ट्स कार बघून त्याचा चेहरा असा खुलला, की आत बसलेल्या तिच्याकडे बघायचं भानच त्याला राहिलं नाही. ती दातांची डॉक्टर. लोक तिला घाबरायचे. असं साफ दुर्लक्ष कुणी केलं नव्हतं.

तो जुन्या गाड्यांचा मेकॅनिक निघाला. गॅरेजमध्ये गाडी कशीबशी सुरू झाल्यावर त्याने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवलं आणि मूठ तिच्या कानाशी धरली. आतली ठकठक तिला ऐकू आली... आणि उगाचच छातीतलीही. हेच इंजिन दुरुस्त करायचं तर सुटे भाग शोधण्यातच वर्ष जाईल, तो म्हणाला. दुसरं मिळालं तर काम महिन्याचं. पण इंजिन बदललेली गाडी ती गाडीच राहत नाही, असं त्याचं ठाम मत होतं.

तिच्याकडे वर्ष नव्हतं. बाबांची नजर झपाट्याने अधू होत चालली होती, आणि दिसतंय तोवर त्यांना या गाडीतून समुद्राकाठी जायचं होतं. इंजिनाचं विचारलं तर ते हसले. म्हणाले, ‘‘मी कुठे इंजिन बघायचो? मी रस्ता बघायचो.’’

दर रविवारी ती गॅरेजमध्ये जाऊन भांडू लागली. भांडायला जाताना केस नीट विंचरू लागली, हे तिच्या जरा उशिराच लक्षात आलं.

‘‘तुम्हीसुद्धा आधी मूळचा दात वाचवायला बघता ना?’’ एकदा त्याने तिला पेचात पकडलं.

‘‘बघते. पण तोवर पेशंटला वर्षभर उपाशी ठेवत नाही.’’

त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग कोपऱ्यातली ताडपत्री त्याने बाजूला केली. खाली इंजिन होतं, तिच्या गाडीला चालेल असंच.

‘‘गेल्या आठवड्यात मिळालं,’’ तो खाली बघत म्हणाला. ‘‘सांगितलं नाही... गाडी झाली की तुम्ही यायच्या बंद होणार, म्हणून.’’

ती भयंकर चिडली. बाबांचा एक अख्खा आठवडा गेला होता. आणि तरीही आत कुठेतरी तिला फार, फार बरं वाटत होतं, त्याचाही तिला राग आला.

‘‘आजच हे बसवायला घ्या,’’ ती म्हणाली. ‘‘बाबांना समुद्र दाखवून आणते. आणि जुनं टाकायचं नाही. ते आपण दोघं दुरुस्त करू.’’

‘‘वर्ष लागेल—’’

‘‘दोन लागू देत,’’ ती म्हणाली आणि बाह्या वर सारल्या.