केमच्या रस्त्यावरची चाल

आमच्या गजी नाचात जी चाल माणसाला सगळ्यात जास्त नाचवते, ती बिरोबानं दिली असं गावातले म्हातारे सांगतात. खोटं आहे, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे. खरं फक्त ढोलवाल्या अजिनाथमामांनी सांगितलं, तेही अंधार पडल्यावर, देवळामागं आम्ही पोरंच उरलो तेव्हा.

"शहाजी माझा शेजारी. सनई वाजवायचा. धाकटा भाऊ धुळाप्पा मागं उभा राहून दुसऱ्या सनईवर सूर धरायचा. नाकानं श्वास घ्यायचा, गालातनं सोडायचा, सूर तुटू द्यायचा न्हाय. पुढं त्याला खोकला लागला. सूर तुटाय लागला. म्हाताऱ्यांनी काढला त्याला."

"आन् सख्खा भाऊ?" मी विचारलं.

"त्यानंबी व्हय म्हणून मान डोलवली की. श्रावणात धुळाप्पा गेला."

"तुमी काय बोलला, मामा?"

"मी ढोल वाजवतो."

मामांचं हे असंच.

"त्याच सालची मार्गशीर्षातली अमावस्या. तुमी तवा ल्हान. शहाजी कुर्डुवाडीला नवा सूरवाला ठरवाय गेलता. शेवटच्या गाडीनं केमच्या ठेसनावर उतरला, गावाकडं निघाला चालत. थंडी लई. बोटं मोकळी व्हावीत म्हणून सनई काढली, फुंकली... तर मागनं सूर."

आमच्यातल्या शिवराजनं उगाच मागं बघितलं. कुणी हसलं नाही.

"शहाजी थांबला. सूर थांबला न्हाय. जवळ आला... वाजवाय लागला, की सूर जितल्या तितं. म्हणून वाजवत चालला. मागं वळला न्हाय. येत व्हत्या तेवढ्या चाली झाल्या. पयली परत धरली... सूर मानेपाशी."

"मग?"

"मग बोटं जातील तसं वाजवलं. कुणी शिकवलं न्हाय, कुणी ऐकलं न्हाय असं. सूर मागं हटला. तीच धरली. ओठ फुटलं. रगात आलं. थांबायचं न्हाय. दम घ्यायचा न्हाय... धुळाप्पागत."

मामांनी ढोलाची दोरी आवळली.

"उजाडता गावात शिरला, तीच वाजवत. आमी दारात उभं. मागं कुणी न्हाय. दुसरा सूरबी न्हाय. आईच्या उंबऱ्यावर पडला. त्यानंतर सनईला हात लावला न्हाय. तवा पोरांनी मोबाइलवर भरून घेतली, तीच आपण वाजवतो. म्हणून तिला शेवट न्हाय. मी ढोल मदीच तोडतो."

"भास झाला असंल," शिवराज म्हणाला. आवाज बारीक.

"व्हय. आमीबी तेच म्हनलो. त्या सकाळी गोजाबाईनं, त्यांच्या आईनं, पेटी उघडली. धुळाप्पाची सनई श्रावणापासनं कुलपात. किल्ली तिच्या गळ्यात. फडक्याची गाठ तिनंच बांधलेली, तशीच. सोडली तिनं..."

"आन्?"

"तोंडाला लावायची पत्ती... वली व्हती."